बेळगाव-निपाणी भागातील चित्रसाहित्य : पिवडीपासून अ‍ॅक्रिलिकपर्यंत

अ‍ॅक्रिलिक रंगांच्या वर्गाला नाव घातलेल्या विद्यार्थ्यापुढे आज बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानात नळ्या, बाटल्या, कुंचले आणि कॅनव्हास यांच्या भरलेल्या फळ्या असतात. एवढी निवड या भागातल्या चित्रकाराला पूर्वी कधीच नव्हती. त्याचे साहित्य दीर्घकाळ दुसरेच कोणीतरी ठरवत आले. आधी ते जवळच्या मातीने आणि पेठेने ठरवले, पुढे सरकारी परीक्षेने, मग आयातीच्या टंचाईने आणि देशी कारखान्यांनी. अ‍ॅक्रिलिक या क्रमात सर्वांत शेवटी आले. त्याची खरेदी कशी करावी हे समजण्यासाठी आधीचे साहित्य काय होते आणि ते का बदलले, हे पाहावे लागते.

बेळगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला खानापूरच्या बाजूने जांभा दगड आणि तांबडी माती, तर पूर्वेला काळी जमीन. तांबड्या मातीच्या पट्ट्यात काव आणि गेरू सहज मिळत. पिवळ्यासाठी पिवडी, पांढऱ्यासाठी चुना किंवा खडू, काळ्यासाठी काजळी, निळ्यासाठी नीळ एवढ्या सामग्रीवर भिंती, देव्हारे, पालख्या आणि मूर्ती रंगत. हिंगूळ आणि हरताळ हे महागडे रंग पेठेतून यायचे आणि जपून वापरले जायचे. रंग धरून ठेवण्यासाठी डिंक किंवा सरस. घाट उतरून कोकणात आणि गोव्यात गेले, की याच कावेची एक स्वतंत्र कला दिसते. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. कावी काम म्हणतात ते हेच. घाटमाथ्यावर ते फारसे रुजले नाही, पण दोन्हीकडचा माल एकच होता.

रंगाचा धंदा म्हणून या जिल्ह्यात सर्वांत नाव मिळवले ते गोकाकने. हलके लाकूड आणि त्या भागातली विशिष्ट माती यांपासून केलेली खेळणी, देवादिकांच्या आकृती आणि हुबेहूब दिसणारी फळे ही गोकाकची ख्याती ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनीही नोंदवली आहे. त्याच गावात जाडाभरडा कागद मोठ्या प्रमाणावर होत असे, आणि कापड रंगवण्याचा व विणण्याचा जुना उद्योगही होता. रंग, कागद आणि कापड ही चित्रकाराची तिन्ही मुख्य साधने एकाच गावात तयार होत होती, तरी त्यातून चित्रकलेची शाळा उभी राहिली नाही. हा माल खेळण्यांसाठी, वहीखात्यांसाठी आणि नेसण्यासाठी होता. चित्र शिकवण्याची कल्पना बाहेरून आली, आणि ती आपले साहित्यही बरोबर घेऊन आली.

मधला एक दुवा मात्र सोडता येत नाही, तो नाटकाच्या पडद्यांचा. संगीत नाटकाचे आद्य नाटककार बळवंत पांडुरंग किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1880 साली पुण्यात त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत नाटक मंडळ्यांना राजवाडा, अरण्य, रस्ता अशा पडद्यांची गरज सतत पडू लागली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ असलेले चित्रकार या कामात प्रसिद्ध होते. यांतले बाबूराव पुढे बाबूराव पेंटर म्हणून चित्रपटसृष्टीत गाजले. पडदा रंगवण्याची रीत साधी होती. जाड सुती कापड ताणायचे, त्यावर सरस आणि खडूचे अस्तर द्यायचे, मग गरम सरसात कालवलेली रंगाची पूड मोठ्या कुंचल्यांनी भरायची. रंग भराभर वाळतो, वाळताना फिका पडतो, आणि चूक झाली तर वरून झाकता येते. आज अ‍ॅक्रिलिकच्या वर्गात पहिल्या आठवड्यात जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे पडदे रंगवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. फरक एवढाच की अ‍ॅक्रिलिक वाळताना फिके न पडता थोडे गडद होते, आणि एकदा वाळले की पाण्याने सुटत नाही.

शालेय चित्रकलेचा इतिहास मुंबईत सुरू होतो. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातल्या शाळांत ड्रॉइंग हा विषय रुजत गेला, आणि पुढे एलिमेंटरी व इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांनी त्याला शिस्त लावली. बेळगाव जिल्हा इलाख्यात असल्याने इथल्या मुलांनीही त्याच परीक्षा दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन असे त्यांचे विषय होते. विद्यार्थ्याच्या दप्तरात काय असावे हे या विषयांनीच ठरवले. एच.बी. आणि टू.बी. पेन्सिली, खोडरबर, कंपासपेटी, ड्रॉइंग बोर्ड आणि पिना, कार्ट्रिज कागद, जलरंगांची पेटी, दोन-तीन गोल कुंचले आणि पाण्याचे भांडे. कागदाचे मापही ठरून गेले होते. 22 बाय 30 इंचांचा पूर्ण इम्पीरियल, त्याचा अर्धा आणि पाव. ही मापे आजही दुकानदार आणि शिक्षक याच नावांनी ओळखतात.

जे. जे.च्या या शिक्षणाची या भागातली सर्वांत ठळक कथा एका अपयशाची आहे. गुर्लहोसूरचेच लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म 1869) चित्रकार होण्यासाठी जे. जे.मध्ये दाखल झाले. आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे त्यांच्या तिथेच लक्षात आले. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, आणि पुढे बेळगावात सायकलींचे दुकान व नंतर नांगराचा कारखाना घातला. 1910 मध्ये तो कारखाना औंध संस्थानात हलला आणि किर्लोस्करवाडी वसली. जमीन देणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, हा योगायोग कुणी कादंबरीत घातला असता तर खोटा वाटला असता. रंगसाहित्याच्या दृष्टीने या कथेत एक धडा आहे. रंग ओळखण्यातला दोष साहित्य खरेदी करण्याआधी तपासून घेणे शक्य असते, आणि आजही वर्गात ते क्वचितच केले जाते.

रंगपेट्या इंग्लंडहून यायच्या. लंडनची विन्सर अँड न्यूटन ही कंपनी 1832 पासूनची. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढण्याची कथिलाची नळी शोधली आणि तैलरंग घराबाहेर नेता येऊ लागले. विलायती माल मुंबईच्या बंदरात उतरून रेल्वेने इकडे येई. 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग बेळगावपर्यंत पोचला. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूर जोडले गेले. निपाणीला मात्र रेल्वे कधीच आली नाही. तंबाखूची ही मोठी पेठ पुणे-बंगळूर रस्त्यावर बसलेली, कोल्हापूरपासून सुमारे 40 किलोमीटरवर आणि बेळगावपासून सुमारे 75. त्यामुळे निपाणी, सौंदलगा, संकेश्वर या पट्ट्यातला विद्यार्थी रंगांसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरकडेच पाहत राहिला. तिथे आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेली निसर्गचित्रांची परंपरा होती. पुढे दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन या संस्था उभ्या राहिल्या. बेळगावचा विद्यार्थी मुंबई, पुणे किंवा धारवाड गाठी. एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या दिशांना तोंड केलेल्या दोन बाजारपेठा होत्या, आणि त्या आजही बऱ्याच अंशी तशाच आहेत.

बेळगावात चित्रशिक्षण घट्ट रुजवण्याचे श्रेय चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे जाते. त्यांच्या ‘चित्रमंदिर’मध्ये व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांवर भर असे. समोर बसलेल्या माणसाकडे किंवा समोरच्या झाडाकडे पाहून काम करायचे, फोटोवरून नव्हे. त्यांच्या शिष्यांत सर्वाधिक नाव झाले ते रवी परांजपे (1935–2022) यांचे. बेळगावात जन्मलेले परांजपे जाहिरात, पुस्तकचित्रे, वास्तुचित्रे अशा कामांतून देशभर पोचले. काही वर्षे त्यांनी नैरोबीतही काम केले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘ब्रश मायलेज’. सरावाला मैलांमध्ये मोजणारे हे नाव बेळगावच्या त्या घराण्याची शिकवण नेमकी सांगते. या पद्धतीत साहित्य थोडे असे आणि ते खूप वापरले जाई. पेटीत बारा रंग असले तरी पॅलेटवर पाच-सहाच काढायचे आणि उरलेल्या छटा मिसळून मिळवायच्या, हा त्या पिढीचा शिरस्ता होता. आजच्या साहित्याच्या लांबलचक याद्या पाहिल्या, की तोच शिरस्ता अधिक शहाणपणाचा होता असे म्हणावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात विलायती माल आटला आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली. ही पोकळी ज्या देशी कंपन्यांनी भरली, त्यांत मराठी वाचकाला सर्वांत परिचित नाव कॅम्लिनचे. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या करण्यापासून सुरुवात केली. 1960 च्या दशकात कंपनीने चित्रकलेच्या रंगांत चांगलाच जम बसवला आणि पुढे ‘कॅमल’चा उंट शाळकरी पोराच्या दप्तरात कायमचा जाऊन बसला. 2011 मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला. पेन्सिलींत हिंदुस्तान पेन्सिल्सची नटराज आणि अप्सरा आली. कागदात पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून जलरंगाला चालणारा जाड कागद करत होती, तरी शाळेत तो परवडत नसे आणि कार्ट्रिजच चाले. कुंचल्यांचा मोठा पुरवठा उत्तर प्रदेशातल्या शेरकोटहून होऊ लागला. परिणामी बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा निपाणीच्या बाजारात मिळणारे शालेय चित्रसाहित्य पहिल्यांदाच बहुतांशी देशी झाले.

स्वातंत्र्यानंतरच्या याच काळात परीक्षाही बदलली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत बेळगाव जिल्हा चंदगड वगळता, निपाणीसह म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाचे राजकारण सर्वश्रुत आहे. चित्रकलेच्या वर्गात त्याचा अर्थ एवढा झाला, की मुंबईच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटऐवजी लोअर आणि हायर ग्रेड या परीक्षा आल्या. सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कागलमध्ये जुनी नावे चालू राहिली. विषय फारसे बदलले नाहीत, म्हणून दप्तरातले साहित्यही बदलले नाही. भर पडली ती पोस्टर कलरची. नक्षीकाम आणि अक्षरलेखनात सपाट, अपारदर्शक रंग हवा असतो, आणि काचेच्या छोट्या बाटलीतला पोस्टर कलर त्याला योग्य होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर मात्र ऑइल इनॅमलवर काम करत. पुढे फ्लेक्सने त्यांचा धंदा संपवला.

अ‍ॅक्रिलिकचा जन्म कारखान्यात झाला. 1930 च्या दशकात जर्मनी आणि अमेरिकेत अ‍ॅक्रिलिक रेझीन औद्योगिक प्रमाणावर तयार होऊ लागले. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बोकूर आणि गोल्डन यांनी ‘मॅग्ना’ हा चित्रकारांसाठीचा रंग आणला. तो टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळणारा होता. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक 1955 मध्ये हेन्री लेव्हिसन यांच्या ‘लिक्विटेक्स’ने बाजारात आणले, आणि 1963 मध्ये ब्रिटनमध्ये राउनी कंपनीचे ‘क्रायला’ आले. भारतीय चित्रकारांत या रंगाकडे लवकर वळले ते सय्यद हैदर रझा. जे. जे.त शिकलेले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेले रझा 1962 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे शिकवायला गेले आणि त्यानंतर तैलरंग सोडून अ‍ॅक्रिलिककडे आले. सीमाभागात मात्र हा रंग चित्रकारांच्या हातून आला नाही. कापडावर, माठांवर आणि मडक्यांवर रंगकाम शिकवणाऱ्या घरगुती छंदवर्गांनी तो छोट्या बाटल्यांतून घरोघरी नेला. कलामहाविद्यालयांत आणि उन्हाळी शिबिरांत कॅनव्हाससाठी त्याचा वापर नंतर वाढला. या उलट्या क्रमाचा एक तोटा आजही दिसतो. कापडासाठी केलेला पातळ, लवचीक रंग आणि चित्रासाठी केलेला घट्ट रंग यांतला फरक अनेक पालकांना आणि काही दुकानदारांनाही माहीत नसतो. कॅनव्हाससाठी नळीतला किंवा डबीतला घट्ट रंगच घ्यावा.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आणि त्यांत कालवलेले रंगद्रव्य. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. बेळगावची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 750 मीटर, पावसाळा जोरदार आणि लांब. त्या महिन्यांत थर हळू वाळतात. जलरंगातला डिंक आणि कागदातली खळ ओलसर हवेत बुरशीचे भक्ष्य होतात, तर अ‍ॅक्रिलिकला तो त्रास कमी असतो. उलट एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमके शिबिरांच्या काळात, रंग पॅलेटवरच सुकतो. निपाणीकडच्या कोरड्या हवेत तर आणखी लवकर. म्हणून पॅलेटला थोडा ओलावा हवा. पसरट डब्यात ओल्या स्पंजवर बटर पेपर अंथरला की काम भागते, त्यासाठी विकतचे खास पॅलेट घेण्याची गरज नाही. पाण्याचा फवारा मारणारी बाटली मात्र घ्यावी.

रंगांची निवड करताना आजही कंपन्यांचे चोवीस रंगांचे संच पुढे केले जातात. त्यांतले निम्मे रंग मिसळून करता येणारे असतात. टायटॅनियम पांढरा, लेमन पिवळा, पिवडीच्या जातीचा यलो ऑकर, एक उष्ण तांबडा आणि एक गुलाबीकडे झुकणारा तांबडा, अल्ट्रामरीन निळा, थॅलो निळा आणि बर्न्ट सिएना हे आठ रंग पहिल्या वर्षाला पुरतात. पांढरा सर्वांत लवकर संपतो, म्हणून तो मोठ्या नळीत घ्यावा आणि बाकीचे लहान नळ्यांत. काळा न घेतलेलाच बरा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून मिळणारा काळा अधिक जिवंत दिसतो. जुन्या शाळकरी पेटीतला प्रशियन निळा अ‍ॅक्रिलिकमध्ये सहसा खरा नसतो. अ‍ॅक्रिलिकचे मिश्रण अल्कधर्मी असते आणि त्यात हे रंगद्रव्य टिकत नाही, म्हणून कंपन्या दुसऱ्या द्रव्यांतून त्या नावाची छटा बनवतात. नळीवर ‘ह्यू’ लिहिलेले असेल तर मूळ महाग द्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य वापरले आहे असे समजावे. शिकणाऱ्यासाठी त्यात काही बिघडत नाही. विद्यार्थी दर्जाच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि भरणीचा माल जास्त असतो. सहा स्वस्त नळ्यांऐवजी तीन चांगल्या घेतल्या तर मिश्रण मळकट होत नाही, हे शिक्षकाने पालकांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

कुंचल्यांत बदल कायद्यानेही झाला. पूर्वी मुंगसाच्या केसांचे कुंचले चित्रकार आवडीने वापरत. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचे कुंचले विकणे व बाळगणे गुन्हा आहे. अ‍ॅक्रिलिकला त्यांची गरजही नाही. अल्कधर्मी रंग आणि वारंवार धुणे यांत नैसर्गिक केस लवकर खराब होतात, नायलॉनचे टिकतात. सुरुवातीला एक इंची चपटा, मधला चपटा, मधला गोल आणि रेघेसाठी एक बारीक असे चार पुरे. क्रमांक कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून ‘आठ नंबर’ मागण्यापेक्षा रुंदी पाहून घ्यावा. जाड रंग पसरायला डुकराच्या केसांचा एखादा राठ कुंचला उपयोगी पडतो.

पृष्ठभागाच्या बाबतीत जुने ज्ञान अजून कामाला येते. पडद्यासाठी वापरत तसे मांजरपाट लाकडी चौकटीवर ताणून त्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे अस्तराचे, दोन-तीन हात दिले, की स्वस्तात चांगला कॅनव्हास होतो. घराच्या भिंतीचा प्रायमर जेसो म्हणून वापरण्याची पद्धत बरीच पसरली आहे. सरावाच्या पुठ्ठ्यावर ती चालेल, जपून ठेवायच्या चित्रासाठी नाही. ताणलेला कॅनव्हास पहिल्या दिवसापासून लागत नाही. 300 जीएसएमच्या जाड कागदावर किंवा कॅनव्हास पॅडवर महिनाभर काम करून मग बोर्डकडे जाणे खिशाला आणि हाताला सोयीचे. तैलरंगाने रंगवलेल्या जुन्या कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिक लावू नये, ते धरत नाही आणि सोलून निघते. उलटे चालते. अ‍ॅक्रिलिकच्या थरावर तैलरंग बसतो.

लोअर आणि हायर ग्रेडची तयारी आजही मुख्यतः जलरंग आणि पोस्टर कलरवर होते. त्यामुळे परीक्षा आणि अ‍ॅक्रिलिकचा वर्ग दोन्ही करणाऱ्या विद्यार्थ्याला रंगांचे दोन संच ठेवावे लागतात, आणि कुंचल्यांचेही. अ‍ॅक्रिलिक मुळाशी सुकलेला कुंचला जलरंगाला कायमचा निकामी होतो. वर्ग सुटल्यावर तो लगेच साबणाने धुवावा, आणि रंगाचे गढूळ पाणी गटारात न ओतता बादलीत निवळू देऊन तळाचा गाळ कचऱ्यात टाकावा.